झडपयंत्रणेच्या बिघाडाचे निदान

ताकद वाढवून बांधलेल्या इंजिनात कॅमशाफ्ट (उंचवट्यांचा फिरता दांडा), त्याचा धक्का पुढे नेणारे टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर, स्प्रिंग आणि सिलिंडरची हवा आत-बाहेर सोडणारी झडप या साखळीतले नेमके काय आधी निकामी झाले, हे शोधण्याचे काम. मुंबईच्या गॅरेजांत झडपेला व्हॉल्व्ह म्हणतात आणि या साखळीचे जवळपास कोणतेही दुखणे ‘टापेट’ या एका शब्दात मावते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पुशरॉडचे होते. ती टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत शहरात धावली, त्यामुळे नुसत्या टकटकीवरून गॅप (झडप मिटलेली असताना साखळीत ठेवलेली बारीक मोकळी जागा) किती ढिला आहे हे सांगणारे कान इथे अजून सापडतात. शर्यतीच्या इंजिनाला मात्र कान पुरत नाहीत.

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. मिनिटाला ८००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडून मिटते. तिला उघडतो कॅम, म्हणजे कॅमशाफ्टचा उंचवटा. बहुतेक इंजिनांत मिटवते ती फक्त स्प्रिंग. जास्त उचल देणारा कॅम बसवला की कडक स्प्रिंग लागते, आणि कडक स्प्रिंग आली की तोच कॅम आणि टॅपेट जास्त घासतात. स्प्रिंग कमी पडली तर वरच्या फेऱ्यांवर झडप कॅमच्या मागे राहते, सीटवर, म्हणजे मिटताना ती टेकते त्या कडेवर, आपटून उसळते. ताकद एका ठरावीक फेऱ्यापाशी अडखळते. इग्निशनचा दोषही असाच भासतो, म्हणून आधी प्लग आणि कॉइल तपासून मगच स्प्रिंगकडे वळावे.

हेड (झडपा असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती सुटे भाग रॉकेलच्या टबात टाकण्याची. स्वच्छ भाग बघायला बरे वाटतात, पण काजळीचा रंग, तेलातली चमक आणि धातूचा चुरा धुतला गेला की पुरावाच गेला. त्याआधी टायमिंगच्या (क्रँक आणि कॅमशाफ्टचा मेळ दाखवणाऱ्या) खुणा जुळतात का ते पाहावे, ऑइल फिल्टर कापून उघडावा आणि प्रत्येक झडप, टॅपेट, पुशरॉड सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडावेत. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटच्या इंजिनात फिल्टरमध्ये बारीक लोखंडी चुरा दिसला, तर कॅमचा उंचवटा झिजल्याचा संशय घ्यावा. नवा कॅम पहिली २० ते ३० मिनिटे साधारण २००० ते २५०० फेऱ्यांवर चालवून रुळवावा लागतो; ते टाळले असेल किंवा तेलात जस्ताचे प्रमाण कमी असेल, तर ही झीज अपेक्षितच आहे.

तुटलेला भाग गुन्हेगार असतोच असे नाही. झडपेचे डोके पिस्टनवर सापडले तरी सुरुवात बऱ्याचदा वर झालेली असते: स्प्रिंग तुटली, तिला झडपेवर धरणारा रिटेनर फुटला किंवा त्याचे लॉक निसटले, आणि मग झडप खाली पडली. तुटक्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा असतील तर तडा हळूहळू वाढत गेला होता. एकाच सिलिंडरमध्ये असे दिसले तर त्याच जागेचा दोष शोधावा. उलट सगळ्या सिलिंडरच्या झडपा थोड्याथोड्या वाकल्या असतील आणि स्प्रिंगा धडधाकट असतील, तर टायमिंग सरकले किंवा चालकाकडून चुकून खालचा गिअर पडला. लिमिटर, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा राखणारी यंत्रणा, फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. चाकांनी ओढलेले इंजिन तो थांबवू शकत नाही. चुकीचा गिअर पडला होता का, हे विचारायला मेकॅनिक संकोचतात, आणि मालक क्वचितच आपणहून सांगतो.

झडपेची कड एका बाजूने जळून खाचली असेल तर गॅप जास्त घट्ट होता का ते पाहावे. सीट खाली बसत गेली की काही रचनांत गॅप आपोआप कमी होतो आणि इंजिन उलट शांत वाटते. मोठ्या कॅममुळे इनटेक झडप उशिरा मिटते, म्हणून स्टार्टरवर मोजलेले कम्प्रेशन कमी येते. तो बिघाड नव्हे. अशा वेळी लीकडाउन चाचणी (मिटलेल्या सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते पाहणे) उपयोगी: हवेचा फुसफुसाट एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट झडप, इनटेकमधून आला तर इनटेक, तेलाच्या झाकणातून आला तर पिस्टनच्या रिंगा.

मुंबईत दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत दमट हवेने स्प्रिंगवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि तडा तिथूनच निघतो. असली स्प्रिंग ताण बरोबर दाखवते म्हणून परत बसवू नये. दुसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तसल्या पुरात इंजिनाने पाणी ओढले तर बहुधा वाकतो तो कनेक्टिंग रॉड. टापेटच्या नावाने हेड उघडण्याआधी पिस्टन टीडीसीला (त्याच्या सर्वांत वरच्या टोकाला) किती वर येतो ते मोजले, तर एक दिवस वाचतो.

पुन्हा बांधताना झडप आणि पिस्टन यांच्यात किती जागा उरते ते पाहायला पिस्टनवर मऊ मातीची गोळी ठेवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात, मग ती कापून जाडी मोजतात. इनटेकला साधारण २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी जागा ठेवण्याचा प्रघात आहे. एक्झॉस्टला जास्त, कारण ती झडप तापून लांबते.