एमपेग-2 जाता जात नाही, ते का?

रंगीत दूरचित्रवाणी आली तेव्हा कृष्णधवल संच अडगळीत गेले नाहीत. रंगांची माहिती मूळ सिग्नलमध्ये अशा खुबीने बसवली होती की जुन्या संचाला ती उमगली नाही तरी चित्र दिसत राहिलं. डिजिटल प्रसारणात ही सोय नाही. चित्र कमी बिटांत बसवण्याचं एमपेग-2 हे जुनं मानक तेवढंच जाणणाऱ्या सेट-टॉप बॉक्सला एच.264 या नंतरच्या मानकातलं प्रसारण दिलं, तर पडदा काळाच राहतो. नवी मानकं प्रसारणात इतक्या सावकाश का येतात, याचं खरं कारण हे आहे.

साध्या दर्जाच्या (एसडी) चित्राचा कच्चा डिजिटल प्रवाह स्टुडिओत सेकंदाला 270 मेगाबिट असतो. अमेरिकेच्या एटीएससी या डिजिटल प्रसारण पद्धतीत 6 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मावतात जेमतेम 19.4 मेगाबिट. 1990 च्या दशकाच्या मध्याला आलेल्या एमपेग-2 ने हेच चित्र चार-पाच मेगाबिटांत बसवलं. मागच्या फ्रेममधलं जे सरकलं, त्याचं फक्त अंतर आणि दिशा पाठवायची; उरलेल्या फरकातून डोळ्याला न जाणवणारे तपशील गाळायचे. या गाळणीच्या मुळाशी असलेलं कोसाइन रूपांतर, म्हणजे चित्र लहरींच्या रूपात मांडण्याचं गणित, 1974 मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडलं. ही नावं घराघरांत माहीत असायला हवी होती.

शिवाय मानक बांधून ठेवतं ते फक्त डिकोडरला, म्हणजे चित्र उलगडणाऱ्या बाजूला. ते आकसून पाठवणारा एन्कोडर कसा असावा, याची मोकळीक असते. त्यामुळे घरातला बॉक्स तोच राहिला, तरी प्रसारकांकडचे एन्कोडर वर्षागणिक सुधारत गेले आणि एमपेग-2 चं आयुष्य वाढत राहिलं.

2003 मध्ये एच.264 आलं. तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मे बिट! फायदा झाला तो उशिरा सुरुवात करणाऱ्यांचा. ब्राझीलने 2007 मध्ये जपानी पद्धतीवर प्रसारण सुरू करताना तिच्यातलं एमपेग-2 वगळून थेट एच.264 घेतलं. फ्रान्सची मात्र ओढाताण झाली. तिथे 2005 मध्ये मोफत वाहिन्या एमपेग-2 मध्ये सुरू झाल्या, नंतर एचडी एच.264 मध्ये आलं, आणि तीच वाहिनी दोन्ही रूपांत पाठवावी लागली. जागा वाचवणारं तंत्र आणायचं म्हणून आधी जास्तीची जागा खर्च! हे दुहेरी ओझं उतरलं 5 एप्रिल 2016 ला.

जर्मनीने, माझ्या मते, जास्त शहाणपण दाखवलं. डीव्हीबी-टी2 या नव्या प्रसारण पद्धतीमुळे अँटेनावरच्या प्रेक्षकांना बॉक्स बदलावाच लागणार होता, म्हणून मार्च 2017 मध्ये तिने एच.264 ची मधली पायरी सोडून थेट त्यापुढचं मानक, एचईव्हीसी, गाठलं. 2013 च्या या मानकात एच.264 मधल्या 16 बाय 16 ऐवजी 64 बाय 64 पिक्सेलपर्यंतचे ठोकळे चालतात, त्यामुळे 4के चित्र आवाक्यात आलं. त्याची वाट अडवली ती मात्र पेटंटधारकांच्या वेगवेगळ्या गटांनी.

2020 मध्ये त्याच्याही पुढचं मानक, व्हीव्हीसी, आलं. ब्राझीलने आपल्या पुढच्या पिढीच्या प्रसारणासाठी तेच निवडलं आहे, आणि 2007 पासून घराघरांत गेलेल्या एच.264 च्या संचांना ते उलगडता येणार नाही.