सायक्लिक एएमपी : एकच निरोप्या, शंभर कामं

अचानक भीती वाटली की छातीत धडधडतं आणि यकृत रक्तात साखर सोडू लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड ते धरून ठेवतं. अवयव वेगळे, संप्रेरकंही वेगळी; पण पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू एकच, सायक्लिक एएमपी.

त्याचा शोध १९५०च्या दशकातला, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधला. अ‍ॅड्रेनालिनमुळे यकृत साखर कसं सोडतं, हे अर्ल सदरलँड यांना शोधायचं होतं. त्यांनी आणि थिओडोर रॉल यांनी कुत्र्याचं यकृत वाटून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. वरच्या निवळीत अ‍ॅड्रेनालिन घातलं तर काहीच घडेना. मग तळाच्या साक्यात, म्हणजे पेशीपटलाच्या तुकड्यांत, अ‍ॅड्रेनालिन आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) घातलं, ते उकळलं आणि तो अर्क निवळीत मिसळला. आता काम झालं! उकळूनही टिकला म्हणजे तो पदार्थ प्रथिन नव्हता. संप्रेरक पटलापाशीच थांबतं आणि पुढचा निरोप दुसराच कोणी नेतो, हे त्यातून उलगडलं. सदरलँड यांना १९७१ साली नोबेल मिळालं.

बऱ्याच जणांना ते पटत नव्हतं, आणि शंका रास्तच होती. इतकी संप्रेरकं एकाच रेणूवर विसंबली तर पेशीचा गोंधळ कसा होत नाही? हृदयाच्या स्नायूत तर अ‍ॅड्रेनालिन आणि एक प्रोस्टाग्लँडिन (शरीरातच बनणारा, संप्रेरकासारखा पदार्थ) दोन्ही सायक्लिक एएमपी वाढवतात, तरी ठोक्याचा जोर वाढतो तो अ‍ॅड्रेनालिननेच. उत्तर पुढे हळूहळू मिळालं. हा रेणू पेशीभर मोकाट फिरत नाही. तो जिथे तयार होतो तिथेच आसपास त्याला तोडणारी विकरं असतात, आणि त्याचा हुकूम पाळणारी विकरंही ठरलेल्या जागी बांधून ठेवलेली असतात.

संप्रेरकाचा रिसेप्टर (संप्रेरक ओळखून धरणारं पेशीपटलावरचं प्रथिन) आणि हा रेणू बनवणारं विकर यांच्यामधला दुवा मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांनी शोधला : जी-प्रथिनं. १९९४ साली त्यांनाही नोबेल मिळालं. जीएस नावाचं प्रथिन जीटीपी (एटीपीसारखाच एक रेणू) धरलं की चालू होतं आणि तोच जीटीपी तोडून स्वतःला बंद करतं. कितीतरी रिसेप्टर या एका प्रथिनावर येऊन मिळतात. नवं संप्रेरक आलं तर नवा रिसेप्टर पुरतो, आतली यंत्रणा तीच. पेशीला ही सोय स्वस्तात पडते. पण नेमकं तेच प्रथिन बिघडलं तर?

कॉलऱ्याचा जंतू हेच करतो. जंतू विष सोडत असावा, हा रॉबर्ट कॉख यांचा १८८४चा अंदाज. तो सिद्ध केला कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी, सशाच्या आतड्याचे बांधलेले वेटोळे वापरून, १९५९ साली. या कामाचं मोल आपल्याकडे फार उशिरा कळलं, ही खंत आहेच. ते विष जीएसच्या २०१व्या जागच्या आर्जिनिनवर (प्रथिनाच्या साखळीतल्या एका अमिनो आम्लावर) एक रेणू चिकटवतं. मग जीटीपी तुटत नाही, प्रथिन चालूच राहतं, सायक्लिक एएमपी साचतं. आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहतात, मागोमाग सोडियम आणि पाणी जातं. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

तरीही सगळे रस्ते बंद झालेले नसतात. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं प्रथिन या विषाच्या तावडीत सापडत नाही. ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, त्याच वाटेने काम करतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी त्यावर हजारो जीव वाचवले.

पुढे १९८९ साली तेच २०१वं आर्जिनिन पुन्हा समोर आलं, या वेळी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूष ग्रंथीच्या गाठींत. वाढीचं संप्रेरक अतोनात स्रवणाऱ्या बऱ्याच गाठींत जनुकातल्या बदलाने ते आर्जिनिनच गेलेलं होतं. मॅक्यून-अल्ब्राइट या दुर्मीळ विकारातही बिघाड तिथेच असतो. तो गर्भात काही पेशींपुरता उद्भवतो, आईबापांकडून येत नाही. प्रत्येक पेशीत असता तर गर्भ बहुधा जगलाच नसता.

जीएस जवळपास प्रत्येक पेशीत लागतं, म्हणून त्यालाच दाबणारं औषध देणं धोक्याचं. औषधं गाठतात ती कडेच्या रिसेप्टरना. अ‍ॅड्रेनालिनचा रिसेप्टर अडवणारी बीटा-ब्लॉकर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पियूष ग्रंथीच्या त्या गाठींवर ऑक्ट्रिओटाइड हे औषध देतात. ते बिघडलेल्या जीएसच्या वाटेला जात नाही. ते दुसऱ्याच रिसेप्टरवर बसतं आणि जीआय या विरुद्ध बाजूच्या प्रथिनाकरवी सायक्लिक एएमपी खाली आणतं.