ब्रिटनमधली ती 'डिपेंडंट'वाली सुट्टी आली कुठून

शाळेतून फोन येतो, पोराला ताप आलाय, घेऊन जा. ब्रिटनमधे अशा वेळी, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्या घरच्या माणसासाठी (कायद्याच्या भाषेत 'डिपेंडंट'), कामावरून उठून जायचा कायद्याने हक्क आहे, अगदी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, फक्त त्या वेळेचा पगार द्यायचं बंधन कंपनीवर नाही. हक्क फार जुना नाहीये, १५ डिसेंबर १९९९ पासूनचा. त्याआधी सगळं साहेबाच्या मर्जीवर, नाहीतर आपणच आजारी पडायचं (ते अजूनही चालतंच म्हणा).

मूळ युरोपातलं. डिसेंबर १९९५ मधे तिथल्या मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी पॅरेंटल लीव्हचा (आईबापांना मुलांसाठी मिळणाऱ्या सुट्टीचा) करार केला, जून १९९६ मधे त्याचा डायरेक्टिव्ह, म्हणजे युरोपीय संघाचा सदस्य देशांना बंधनकारक आदेश झाला आणि त्यातच एक छोटं कलम होतं, घरात आजारपण किंवा अपघात झाला आणि तुमच्याशिवाय भागणारच नसेल तर सुट्टी. पण ब्रिटनमधे तेव्हा पंतप्रधान जॉन मेजर, आणि त्यांनी युरोपीय संघ उभा करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराच्या वेळीच सोशल चॅप्टरमधून, म्हणजे त्यातल्या कामगार हक्कांच्या भागातून अंग काढून घेतलेलं, त्यामुळे हा डायरेक्टिव्ह ब्रिटनला लागूच नाही. १९९७ ला टोनी ब्लेअर पंतप्रधान झाले, त्यांनी सोशल चॅप्टर मान्य केलं, मग १९९९ च्या एम्प्लॉयमेंट रिलेशन्स ॲक्टने ब्रिटनच्याच १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमधे या सुट्टीचं ५७ए कलम घातलं.

आता गंमत अशी की या कलमात दिवसांचा आकडाच नाही, नुसतं 'रीझनेबल', म्हणजे वाजवी वेळ. मग भांडणं कोर्टात जाणारच. २००३ मधे एका लीगल सेक्रेटरीची केस आली, मुलगा सारखा आजारी, तिच्या बऱ्याच सुट्ट्या झालेल्या. नोकरीच्या तंट्यांची अपिलं ऐकणाऱ्या ट्रायब्युनलने दोन गोष्टी सांगितल्या, एक म्हणजे ही सुट्टी अचानक आलेली अडचण निस्तरून सोय लावायला आहे, स्वतः घरी बसून सेवा करायला नाही, आणि दुसरी, किती वेळ रीझनेबल हे ठरवताना कंपनीची किती गैरसोय झाली ते बघायचं नाही. ही दुसरी मॅनेजर लोक सोयीस्कर विसरतात.

२००४ मधे आई गेलेल्या एका बाईंच्या केसमधे ठरलं की अंत्यसंस्कार, कागदपत्रं यासाठी वेळ मिळेल, पण दुःखासाठी हे कलम नाही. कायदा म्हणून बरोबर असेल, पण वाचताना कसंतरीच होतं.

मग २००८ ची रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची केस. बाईंना दोन आठवडे आधीच कळलं की २२ डिसेंबरला मुलांना सांभाळणारी येणार नाही, दुसरी सोय होईना, बँक म्हणाली जाऊ नका, त्या गेल्या, वॉर्निंग मिळाली. बँकेचं म्हणणं, आधी माहीत होतं तर हे अनपेक्षित कसलं? ट्रायब्युनल म्हणालं, अनपेक्षित म्हणजे ऐनवेळचंच असं नाही. बाई जिंकल्या.

रोजच्या सेवेचा प्रश्न मात्र तसाच लटकत राहिला, आणि त्यासाठी थेट ६ एप्रिल २०२४ ला वेगळी केअरर्स लीव्ह (सेवा करणाऱ्यांसाठीची सुट्टी) लागू झाली, वर्षाला एक आठवडा, तीही बिनपगारी.

आपल्या लोकांनी एक लक्षात ठेवा, ५७ए मधे नवरा-बायको, मुलं, आईवडील आणि एकाच घरात राहणारे (भाडेकरू सोडून) येतात. आईवडील ब्रिटनमधेच राहिले पाहिजेत असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे पुण्यात आई पडली तरी ती डिपेंडंटच. सासूबाई मात्र तुमच्या घरात राहत असतील तर येतात, किंवा अशा वेळी त्यांची भिस्त तुमच्यावरच असेल तर.