एचटीएमएल ईमेलची गाळणी

एचटीएमएल म्हणजे वेबपाने लिहिण्याचा कोड. त्यात लिहिलेल्या, रंग, चित्रे आणि बटणे असलेल्या ईमेलमधून फसवे वेगळे काढण्याची मेल सर्व्हरवरची पद्धत. खरी अडचण ही, की जाहिरातदार आणि भामटे दोघेही त्याच क्लृप्त्या वापरतात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या इनबॉक्समध्ये 'सुधारित परचेस ऑर्डर पाहा' असे निळे बटण येते. बटणावर नाव ग्राहक कंपनीचे, आतली लिंक भलत्याच डोमेनची, म्हणजे वेबपत्त्यातल्या मुख्य नावाची. तेवढ्यावर ईमेल अडवला तर बऱ्याच खऱ्या जाहिरातीही अडकतील. क्लिक मोजण्यासाठी त्यांच्या लिंकही मधल्या सेवेतून फिरून जातात. मात्र दिसणारा मजकूरच एक वेबपत्ता असेल आणि लिंक दुसरीकडेच नेत असेल, तर संशय पक्का धरावा.

लपवलेल्या मजकुराचेही तसेच. खरे न्यूजलेटर सुरुवातीला एखादे अदृश्य वाक्य ठेवते, इनबॉक्सच्या यादीत विषयाशेजारी दिसावे म्हणून. भामटा 'पासवर्ड' या शब्दाच्या पोटात शून्य आकाराची अक्षरे पेरतो : माणसाला शब्द सलग दिसतो, यंत्राला तुकडे. म्हणून चांगली गाळणी कोड वाचून थांबत नाही, पडद्यावर काय उमटेल तेही वाचते.

२००२ मध्ये प्रोग्रामर पॉल ग्रॅहॅम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची रीत मांडली. त्यांच्या मोजणीत भडक लाल रंगाचा कोड स्पॅमची पक्की खूण ठरला होता. (त्या हिशेबाने नवरात्रातल्या अंबाबाईच्या शुभेच्छा थेट स्पॅममध्ये!) एकट्या खुणेवर निकाल द्यायचा नाही, हे यातून कळते. स्पॅमअसॅसिन ही गाळणी प्रत्येक खुणेला गुण देते आणि बेरीज ५ झाली की ईमेल स्पॅम ठरवते. ही मर्यादा बदलता येते.

ईमेलमधली स्क्रिप्ट (आपोआप चालणारा कोड) मेल प्रोग्राम सहसा चालवत नाहीत. त्यामुळे बनावट लॉगिन पान आता एचटीएमएल अटॅचमेंट म्हणून येते आणि ब्राउझरमध्ये उघडते. बिलाच्या नावाने अशी फाइल आली, तर ती बाजूला काढून तपासणेच बरे.

ईमेल खरेच त्या डोमेनवरून आला का, हे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या चाचण्या तपासतात. पण ग्राहकाच्या नावाशी मिळतेजुळते डोमेन विकत घेऊन तिन्ही चाचण्या पास होता येते. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' जोडून लिहिले तर घाईत कोण बघतो? आणि ग्राहकाचाच मेलबॉक्स चोराच्या हाती गेला, तर डोमेन, सही, मागचा पत्रव्यवहार सगळे खरेच असते. 'आमचे बँक खाते बदलले आहे' हा ईमेल मग गाळणीतून अलगद खाली उतरतो, आणि अकाउंटंटने जुन्या नंबरवर फोन लावला तरच अडतो.