पेलोपोनीस

पेलोपोनीस हा ग्रीसच्या दक्षिण टोकाचा डोंगराळ द्वीपकल्प असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१,५०० चौ. किमी. आहे. कोरिंथच्या जेमतेम सहा किमी. रुंदीच्या संयोगभूमीने तो उत्तरेकडील भूभागाला जोडलेला होता. प्राचीन काळी येथे फरसबंद मार्गावरून जहाजे ओढून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेत. रोमन सम्राट नीरो याने इ. स. ६७ मध्ये कालवा खणण्यास आरंभ केला, पण तो पुरा झाला १८९३ मध्ये. तेव्हापासून पेलोपोनीसला बेट म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

मधोमध आर्केडियाचे पठार आहे. तेथील चुनखडकांत पावसाचे पाणी विवरांवाटे जमिनीत मुरते, त्यामुळे काही बंदिस्त खोऱ्यांना भूपृष्ठावरून वाहून जाणारी नदीच नाही. दक्षिणेस टायगेटस पर्वत २,४०० मी.हून उंच असून त्याने लॅकोनिया व मेसेनिया ही खोरी एकमेकांपासून तोडली आहेत. पश्चिमेस पाऊस भरपूर पडतो, तर पूर्वेकडील आर्गोलिस कोरडा आहे. अशा तुटक प्रदेशात एकछत्री सत्तेपेक्षा शेजारी असूनही परस्परांशी झुंजणारी नगरराज्ये निपजली, यात नवल नाही.

येथील प्राचीन वारसा बऱ्याच अंशी आपत्तींनीच जपला आहे. मायसीनीचे सिंहद्वार इ. स. पू. तेराव्या शतकापासून उभे आहे. पायलॉसचा राजवाडा मात्र इ. स. पू. १२०० च्या सुमारास जळाला आणि त्याच आगीत कच्च्या मातीच्या हिशेबपाट्या भाजून पक्क्या झाल्या. १९३९ मध्ये त्या सापडल्या आणि १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस याने त्यांच्या लिपीचा उलगडा केल्यावर त्यांची भाषा ग्रीकच असल्याचे सिद्ध झाले. परंपरेनुसार इ. स. पू. ७७६ पासून जेथे क्रीडास्पर्धा भरत, ते ऑलिंपिया भूकंपांनी कोसळले व पुढे पुराच्या गाळाखाली गाडले गेले. १८७५ पासून जर्मन पुरातत्त्वज्ञांनी ते पद्धतशीरपणे उकरून काढले. एपिडॉरसचे इ. स. पू. चौथ्या शतकातील नाट्यगृह इतके सुस्थितीत आहे की त्यात आजही प्राचीन नाटकांचे प्रयोग होतात.

स्पार्टाचे अवशेष त्या मानाने तुटपुंजे आहेत. हे नगर ओसाड पडले तर त्याच्या सामर्थ्यावर पुढच्या पिढ्यांचा विश्वास बसणार नाही, असे थ्युसिडिडीस या इतिहासकाराने इ. स. पू. पाचव्या शतकातच लिहून ठेवले होते.