रुंद टायर आणि चिमट्यातली फट

गोव्यात पों पों करत दारी पाव विकायला येणाऱ्या पोदेराच्या जुन्या सायकलला 28 बाय दीड इंची टायर असतो, म्हणजे रुंदी जवळजवळ 40 मिमी आणि रिम 635 मिमीची. मागे पावांची भली मोठी टोपली, खाली चिऱ्याच्या मातीची वाट. तरी त्या टायरला कुणी ‘ऑफ-रोड’ म्हटले नाही. (हल्ली बरेच पोदेर स्कूटरवर आले, ते सोडा.) उलट पुण्याहून किनाऱ्यालगतच्या रस्त्याने गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलला उतरणाऱ्या हौशी मंडळींच्या टूरिंग सायकलींना बहुधा 32 ते 35 मिमीचे टायर असतात. डांबर सोडून सत्तरीच्या किंवा सांग्याच्या लाल वाटेला लागायचे म्हटले, की जाड टायर बसेल का, ही चौकशी सुरू होते.

हवेच्या टायरचे पेटंट डनलॉपने 1888 मध्ये घेतले. तेव्हाचे रस्ते मातीचे आणि खडीचेच होते. फ्रान्समध्ये ‘व्हेलोसियो’ या नावाने लिहिणारे पॉल द व्हिवी लांब पल्ल्यासाठी रुंद, लवचीक टायरचा आग्रह धरत, आणि तिथल्या भटक्या सायकलस्वारांनी 584 मिमीची 650बी रिम जपली. पुढे गुळगुळीत रस्ते आले, शर्यतींची हवा आली. बारीक टायर, ठासून भरलेली हवा म्हणजे वेग, असा समज रूढ झाला. खडबडीत रस्त्यावर तो खोटा ठरतो, कारण कडक टायर सायकलीसकट माणसाला उडवतो आणि पायांची ताकद त्यात वाया जाते. पण कारखान्यांनी चाक धरणारे चिमटे अरुंद केले, आखूड दांड्यांचे ब्रेक त्यांवर घट्ट बसवले, आणि खरी अडचण तिथे झाली. पोदेराच्या सायकलीचे सळईचे ब्रेक रिमला आतल्या बाजूने दाबतात, म्हणून तिथे टायरला ऐसपैस जागा उरते.

अमेरिकेत श्विन या सायकल कंपनीने 1933 मध्ये मुलांच्या सायकलींसाठी सव्वादोन इंचांच्या जवळपासचा फुगीर टायर आणला. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात तरुण पोरे याच जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडू लागली. त्यातून माउंटन बाइक जन्मली आणि तिला तीच 559 मिमीची रिम मिळाली. टूरिंग सायकल 622 मिमीच्या रिमवरच राहिली. त्यामुळे दोघींत टायरची देवाणघेवाण होईना. 1999 मध्ये डब्ल्यूटीबी या अमेरिकन कंपनीचा 2.1 इंची ‘नॅनोरॅप्टर’ 622 च्या रिमसाठी आला आणि कागदावर तरी हा पेच सुटला. रिम एकच असल्यामुळे डोंगरी टायर टूरिंग सायकलच्या चाकावर सहज चढतो. चाक मात्र चिमट्यात किंवा मागच्या दांड्यांत अडकते.

डिस्क ब्रेकमुळे आणखी एक वाट निघाली. ब्रेकचा रिमशी संबंध उरला नाही, म्हणून फ्रेमची फट पुरत असेल तर 622 ऐवजी 584 चे चाक लावता येते. 47 मिमीचा टायर घातला तर बाहेरचा व्यास 678 मिमी होतो. 622 वर 28 मिमीचा टायर चढवला तरी तो तेवढाच भरतो, म्हणून पेडलची उंची फारशी बदलत नाही.

गोव्यात मापे घेताना जूनचा विचार करावा. चिऱ्याची माती भिजली की टायरला थरावर थर चढतो, म्हणून दोन्ही बाजूंना निदान 6 मिमी मोकळे हवेत, आणि मडगार्डखाली त्याहून जास्त. मडगार्ड काढून दोन-चार मिमी कमावणारे असतात. पण तेवढ्यासाठी चोर्ल्याच्या घाटात पाठीवर चिखल घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. त्यापेक्षा 38 चा टायर घालावा आणि हवा थोडी कमी ठेवावी.