सामायिक ग्रामचर्च (अँग्लिकन–मेथडिस्ट)

एकाच चर्चमध्ये अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेच्या) व मेथडिस्ट (त्यातूनच पुढे वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) मंडळ्यांनी आपापला पंथ न सोडता उपासना करण्याची इंग्लंड-वेल्समधील व्यवस्था. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) स्वतः अखेरपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच होता. तरी १७४२ मध्ये त्याच्या जन्मगावी, एपवर्थला, त्याला चर्चमध्ये प्रवचन करू दिले नाही. तेव्हा तो आवारातील वडिलांच्या थडग्यावर उभा राहून बोलला. हे वडील त्याच चर्चचे धर्मगुरू होते.

वेस्लीनंतर पंथ वेगळा झाला, शिवाय त्याच्यातही फाटे फुटले. एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी चॅपेले (मेथडिस्टांची प्रार्थनाघरे) उभी राहिली, काही गावांत तर दोन-दोन. हे फाटे १९३२ मध्ये बहुतांशी एकत्र आले. पुढे उपासकांची संख्या घटली आणि जुन्या छपरांचा खर्च झेपेना. १९६९ च्या चर्च-इमारत सहवापर कायद्याने अशा मंडळ्यांना लेखी करार करण्याची सोय दिली; इमारत एकाच पंथाच्या किंवा दोघांच्या मालकीची असू शकते. पंथांचे विलीनीकरण मात्र फसले. १९७२ मध्ये अँग्लिकन महासभेत ७५ टक्के मते हवी होती, पडली सुमारे ६६ टक्के. २००३ मध्ये सहकार्याचा करार झाला, पण पंथ दोनच राहिले.

खरी कसोटी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस वाटण्याच्या विधीच्या, वेळी लागते. अँग्लिकन नियमानुसार द्राक्षारस आंबवलेला हवा आणि प्याला सहसा सर्वांना एकच. मेथडिस्टांकडे मद्यविरहित रस, तोही पुष्कळदा प्रत्येकाला इवल्याशा वेगळ्या पेल्यात. मेथडिस्ट पाळकाला बिशपच्या (धर्मप्रांताच्या प्रमुखाच्या) हातून दीक्षा मिळालेली नसते, म्हणून अँग्लिकन प्रभुभोजनाचे पौरोहित्य त्याला करता येत नाही. संयुक्त उपासनेत बिशपच्या परवानगीने तो ते करू शकतो, पण मग तो विधी मेथडिस्ट आहे हे आधी जाहीर करावे लागते. इतका काटेकोरपणा बाहेरच्याला किरकोळ वाटेल. विलीनीकरण अडले ते नेमके इथेच.

भारतात गोष्ट पुढे गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकनांसह ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही सामील झाले आणि बिशपपद सर्वांनी मान्य केले. अमेरिकी मिशनच्या परंपरेतील मेथडिस्ट मात्र ऐनवेळी मागे फिरले. त्यांचे चर्च आजही स्वतंत्र आहे.